हिवाळ्यातील कोंबड्यांची टोचाटोची : खोड नव्हे, उणीव

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत जालना जिल्ह्यातील शिवारे कापसाने पांढरी झालेली असतात. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळत असल्याने स्त्रिया उजाडताच शेत गाठतात आणि दिवस मावळताना घरी परततात. मागे राखणीला कोणी नसले, की कोंबड्या दिवसभर खुराड्यातच कोंडलेल्या राहतात. संध्याकाळी दार उघडावे, तो एखादी तलंग कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली दिसते. तिच्या शेपटीच्या मुळाशी पीस उरलेले नसते, उघड्या कातडीवर रक्त साकळलेले असते आणि इतर कोंबड्या अजूनही त्याच जागी चोच मारण्याची संधी शोधत असतात. पुष्कळदा ती तलंग दुसरी सकाळ पाहत नाही.

दहा-बारा कोंबड्यांच्या घरी असे एक-दोन पक्षी गमावणे हे लहान नुकसान नव्हे. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे बहुधा गृहिणीच्या हाती राहतात. मुलांच्या वह्या, आजारपणातील औषध, आठवडी बाजारातील मीठ-मिरची हा खर्च त्यातूनच भागतो. यास्तव असा प्रकार घडला, की टोचणारी कोंबडी शोधून ती बाजारात विकण्याचा किंवा कापून खाण्याचा मार्ग अवलंबिला जातो. परंतु पुष्कळदा थोड्याच दिवसांत दुसरी कोंबडी तेच करू लागते. कोंबडी बदलली तरी कारण बदललेले नसते. हिवाळ्यातील टोचाटोची ही कोंबडीच्या स्वभावाची खोड नसून जागा, आहार आणि चोचीला काम या तीन गोष्टींतील उणिवेची खूण आहे. ही उणीव ओळखल्यास फारसा खर्च न करता पक्षी वाचविता येतात.

मानाचे टोचणे आणि घातक टोचणे

कोंबड्यांच्या कळपात मानपान असतो. दाण्याजवळ प्रथम कोणी जावयाचे, उंच दांडीवर कोणी बसावयाचे, हे चोचीच्या धाकाने ठरते. नॉर्वेमधील संशोधक थॉर्लेफ शेल्डरूप-एबे यांनी कोंबड्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९२२ मध्ये ही उतरंड शास्त्रीय भाषेत मांडली. वरच्या पायरीवरील कोंबडी खालच्या कोंबडीला डोक्यावर किंवा मानेवर एखादी चोच मारते, खालची बाजूला सरते आणि प्रकरण मिटते. या टोचण्याने कळपात शांतता राहते. त्यात हस्तक्षेप करण्याचे कारण नाही.

घातक टोचणे याहून वेगळे असते. त्यात राग नसतो. एक कोंबडी दुसरीच्या मागे उभी राहून शेपटीजवळचे पीस शांतपणे ओढते, उपटते आणि कित्येकदा गिळते. कातडी उघडी पडली व रक्त दिसले, की इतर कोंबड्याही धावतात, कारण लाल रंग व चकाकणारा ओलावा यांकडे कोंबडीची नजर चटकन वळते. नेदरलँड्समधील हॅरी ब्लोकहाउस यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासात या वर्तनाचा संबंध जमिनीवरील टोचण्याशी जोडला. जमिनीत उकरून वेचण्याची कोंबडीची प्रेरणा जेथे भागत नाही, तेथे तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते, असा त्याचा मथितार्थ होय. मोकळी कोंबडी जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ उकरण्यात व टोचण्यात घालविते, हे ध्यानात घेतले म्हणजे रिकाम्या खुराड्यात तिची काय अवस्था होत असेल याची कल्पना येते.

हिवाळ्यातच का?

१ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यात खरिपाची मुख्य पिके कापूस, सोयाबीन, मका, तूर व बाजरी ही आहेत. टोचाटोचीची कारणे या पिकांच्या वेळापत्रकातच दडलेली आहेत.

पावसाळ्यात अंगणात, बांधावर व उकिरड्यावर किडे, अळ्या आणि कोवळा पाला यांची रेलचेल असते. दिवाळीनंतर जमीन वाळून कडक होते व हा आहार झपाट्याने कमी होतो. त्याच सुमारास गहू, हरभरा व रब्बी ज्वारीची पेरणी झालेली असते. शेजाऱ्याच्या पेरणीत किंवा अंगणात वाळत घातलेल्या धान्यात कोंबड्या शिरल्या, की तंटा होतो. म्हणून त्या कोंडल्या जातात. वेचणीमुळे घर रिकामे असल्याने कोंडण्याचे तास वाढतात.

डिसेंबरच्या अखेरीस या भागात दिवस सुमारे ११ तासांचा व रात्र सुमारे १३ तासांची असते. इतक्या दीर्घ रात्रीनंतर कोंबडी उपाशीपोटी उठते. किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरल्याने शरीराची ऊब राखण्यासाठी तिला अधिक खाद्य लागते. दिवस लहान होऊ लागला, की पुष्कळ कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी धारण करतात. पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचे बनलेले असल्याने या काळात प्रथिनांची गरज वाढते. शिवाय नव्या पिसाच्या कोंबात रक्त असते. त्याला चोच लागताच रक्त येते आणि टोचाटोचीला आरंभ होतो.

थोडक्यात, ज्या महिन्यांत कोंबडीला अधिक अन्न व अधिक काम हवे असते, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या वाट्याला दोन्ही कमी येतात.

रात्री पुरेशी, दिवसा अपुरी जागा

केवळ रात्रीच्या निवाऱ्यासाठी एका कोंबडीस सुमारे १ चौरस फूट जागा पुरते, कारण अंधारात ती हालचाल करीत नाही. दिवसा कोंडून ठेवावयाचे झाल्यास मात्र प्रत्येकीस २ ते २.५ चौरस फूट जागा हवी. ४ फूट लांब व ३ फूट रुंद खुराड्यात रात्री १२ कोंबड्या सुखाने राहतात. दिवसा मात्र त्यात पाचांहून अधिक मावत नाहीत. वेचणीच्या दिवसांत बारा कोंबड्या त्याच खुराड्यात दहा तास कोंडल्या जातात. पुष्कळ ठिकाणी टोचाटोचीचे मूळ एवढ्या साध्या हिशेबात सापडते.

यावर उपाय म्हणून खुराड्यालगत तुऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या किंवा जुनी जाळी यांचा ६ फूट लांब व ५ फूट रुंद असा आडोसा करावा. त्याने ३० चौरस फूट जागा वाढते आणि बारा कोंबड्यांचा दिवस मोकळा जातो. मांजर, मुंगूस व घारी यांपासून संरक्षणासाठी वरून जाळी किंवा फांद्या टाकाव्यात. आत बसण्यासाठी दांड्या बांधून प्रत्येक कोंबडीस ६ ते ८ इंच जागा द्यावी. मार खाणाऱ्या कोंबडीस उंचावर चढून सुटका करून घेता येते, हा दांडीचा मोठाच लाभ होय.

थंडीमुळे खुराडे पोत्यांनी चोहोबाजूंनी गच्च बंद करण्याची प्रथा आहे. ती हानिकारक आहे. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आत कोंडतो, डोळे चुरचुरतात व पक्षी अस्वस्थ होतात. गार वारा ज्या बाजूने येतो ती बाजू झाकावी. छपराखालची हातभर जागा मात्र उघडी ठेवावी. पिलांच्या उबेसाठी लावलेला विजेचा दिवा फार प्रखर असू नये. अतिप्रकाश व अतिउष्णता यांमुळे पिले एकमेकांची बोटे टोचू लागतात. पिले दिव्यापासून दूर पळत असतील तर ऊब अधिक झाली असे समजावे आणि दिवा वर उचलावा. मोठ्या कोंबड्यांची अंडी वाढावीत म्हणून एकाएकी प्रखर दिवा लावणेही टाळावे.

मका पोट भरतो, पिसे भरीत नाही

मक्याचे पीक नुकतेच घरात आलेले असल्याने हिवाळ्यात कोंबड्यांपुढे बहुधा मकाच टाकला जातो. मक्यात ऊब देणारे पिष्ट भरपूर आहे. परंतु प्रथिने सुमारे ९ टक्केच असतात. ज्वारी-बाजरीत ती थोडी अधिक, तर तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीत सुमारे ४५ टक्के असतात. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत, असे कुक्कुट आहारशास्त्र सांगते.

एका कोंबडीस रोज ४० ग्रॅम मका घातला, तर त्यातून सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. एका गावरान अंड्यात सुमारे पाच ग्रॅम प्रथिने असतात. पावसाळ्यात उरलेली गरज किड्यांवर भागते. हिवाळ्यात ती भागत नाही, तेव्हा कोंबडी पिसे खाऊ लागते.

घरच्या घरी १० किलो पूरक खाद्य पुढीलप्रमाणे तयार करता येते : भरडलेला मका किंवा बाजरी ६ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा दीड किलो, शिंपल्यांचा चुरा व खनिज मिश्रण मिळून अर्धा किलो आणि मीठ ३० ग्रॅम. या मिश्रणात सुमारे १६ ते १७ टक्के प्रथिने मिळतात. ४० ग्रॅम मिश्रणातून कोंबडीस साडेसहा ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने मिळतात, म्हणजे मक्याच्या जवळजवळ दुप्पट. बारा कोंबड्यांना हे दहा किलो खाद्य सुमारे तीन आठवडे पुरते. मात्र आडोशात दिवसभर कोंडलेल्या कोंबडीला बाहेरचे काहीच मिळत नसल्याने तिला रोज १०० ग्रॅमपर्यंत खाद्य द्यावे. त्याचा एक वाटा सकाळी द्यावा, म्हणजे उपाशी पोटाची चोच शेजारणीवर जात नाही. दुसरा वाटा संध्याकाळी द्यावा, म्हणजे दीर्घ रात्र भरल्या पोटी जाते.

येथे चार सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घालू नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. पेंड नसल्यास सोयाबीन चांगले भाजून भरडावे. जनावरांसाठी घरोघर असलेली सरकी पेंड कोंबड्यांना देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य पक्ष्यांना अपायकारक असून त्याने अंड्यातील बलकाचा रंगही बिघडतो. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा मका वापरू नये. मिठाच्या उणिवेने टोचाटोची वाढते हे खरे. परंतु अधिक मीठ विषासमान असते. घरचे खारट उष्टे अन्न रोज घातले जात असेल, तर वेगळे मीठ देण्याचे कारण नाही.

चोचीला काम

पुरेसे खाद्य पाच मिनिटांत संपले आणि उरलेला दिवस रिकामा गेला, तर टोचाटोची थांबत नाही. म्हणून खाद्य शोधण्यात वेळ जाईल अशी योजना करावी. आडोशाच्या जमिनीवर सोयाबीनचा कोरडा भुसा, गव्हांडा किंवा बारीक केलेला कडबा ३ ते ४ इंच पसरावा आणि मूठभर बाजरी त्यात विखरून टाकावी. कोंबड्या तासन् तास उकरीत राहतात. भुसा ओला होऊ देऊ नये. अधूनमधून खालीवर करावा.

मेथी, लसूणघास, शेवग्याचा किंवा हादग्याचा पाला यांची जुडी चोचीच्या उंचीवर टांगावी. जुडी हलत असल्याने ती टोचण्यात कोंबड्या गुंतून राहतात आणि हिरव्या पाल्याचा लाभही होतो. एका कोपऱ्यात पसरट खड्डा करून त्यात कोरडी माती व चाळलेली राख टाकावी. धुळीत अंघोळ करणे ही कोंबडीची स्वाभाविक गरज आहे. तिने उवांचा उपद्रवही कमी होतो.

बांधावर वाळवी आढळत असल्यास जुन्या मडक्यात ओलसर शेण व कडब्याचे तुकडे भरून ते वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथे ठेवावे. मडक्यात वाळवी शिरली, की ती सकाळी कोंबड्यांपुढे झटकावी. ज्या भागात वाळवीनाशक औषध वापरले असेल तेथे मात्र हा उपाय करू नये.

जखमी पक्ष्याची काळजी

रक्त दिसताच करावयाचे पहिले काम म्हणजे जखमी कोंबडीस वेगळे करणे. तिला डालग्याखाली ठेवून पाणी व खाद्य द्यावे. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणाने जखम धुवावी व त्यावर जंतुनाशक जांभळे औषध लावावे. या औषधाने जखम तर भरतेच, शिवाय तिचा लाल रंगही झाकला जातो. औषध हाताशी नसल्यास तेलात कालविलेली हळद लावावी. रॉकेल लावू नये. मेलेला पक्षी क्षणभरही कळपात राहू देऊ नये.

टोचण्यास आरंभ करणारी कोंबडी ओळखता आल्यास तिलाही काही दिवस वेगळे ठेवावे. परत आली, की तिचे कळपातील स्थान खालावलेले असते व तिचा जोर कमी होतो. जखमी कोंबडी मात्र पूर्ण बरी झाल्यावर, शक्यतो सोबतीण देऊन, अंधार पडल्यानंतर दांडीवर सोडावी.

अंडे घातल्यानंतर गुदद्वाराचा ओला लालसर भाग क्षणभर बाहेर दिसतो. त्याच जागी चोच बसल्यास आतडी बाहेर ओढली जाऊन कोंबडी दगावते. म्हणून अंडी घालण्याची टोपली उजेडात न ठेवता आडोशाला, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपली असावी.

व्यापारी कुक्कुटपालनात चोच छाटण्याची पद्धत रूढ आहे. नॉर्वेने ती १९७४ मध्ये व स्वीडनने १९८८ मध्ये बंद केली. परसातील कोंबडीची चोच तर कधीही छाटू नये. दाणा वेचणे, किडे धरणे, पिलांचे रक्षण करणे ही सर्व कामे ती चोचीनेच करते.

प्रत्येक जखम टोचण्याचीच नसते

टोचण्याच्या जखमा मुख्यतः शेपटीचे मूळ, गुदद्वार व पाठ येथे आढळतात. तुरा, गलोल व पापण्या यांवर काळपट खपल्या दिसल्यास तो देवीचा रोग असण्याची शक्यता असते. केवळ पाठीची पिसे झिजली असतील, तर कळपात नर अधिक झाल्याचे ते लक्षण असू शकते. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरेसा होतो. खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त शोषणाऱ्या गोचिडांमुळेही पक्षी बेचैन होऊन टोचू लागतात. फटी बुजवून चुन्याची सफेदी करणे हा त्यावर साधा उपाय आहे.

एकाच वेळी अनेक पक्षी सुस्त होऊन मरू लागले, तर ती टोचाटोची नव्हे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही जानेवारी २०२१ मध्ये हा रोग आढळला. दोन्ही घटना थंडीच्या मोसमातील आहेत. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

नवे पक्षी, जुना कळप

राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून ८ ते १० आठवडे वयाच्या २५ माद्या व ३ नर अशा तलंगांच्या गटांचे वाटप होत आले आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींचे पक्षीही अनेक घरी पोहोचले आहेत. हे पक्षी आणल्याच दिवशी जुन्या कोंबड्यांत सोडले, तर मानाची उतरंड नव्याने ठरू लागते आणि लहान तलंगांचा त्यात बळी जातो. एकटीदुकटी नवी तलंग तर हमखास मार खाते.

नवे पक्षी प्रथम दोन ते तीन आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवावेत, म्हणजे एखादा रोग असल्यास तो उघड होतो. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोन्ही कळपांना एकमेकांच्या दृष्टीस पडू द्यावे. मग रात्री त्यांना एकत्र करावे व पुढील काही दिवस खाद्य-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. लाभार्थ्याकडे किती पक्षी आहेत एवढेच न पाहता, दिवसा कोंडण्याची वेळ आल्यास किती जागा आहे, हेही वाटपापूर्वी पाहणे हिताचे ठरेल.

गावपातळीवर काय करता येईल?

पंचायत सदस्यांनी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत हा विषय काही मिनिटे मांडावा. पक्षी कोंडण्याचा व मोकळे सोडण्याचा तंटा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होण्यापूर्वीच पेरणीच्या पंधरवड्यासाठी आडोशाची व्यवस्था सर्वांनी करावी, असे ठरविता येईल. महिला बचत गटांना पेंड, कोंडा व खनिज मिश्रण एकत्र खरेदी करून पूरक खाद्य तयार करता येईल. तांत्रिक सल्ल्यासाठी पशुसंवर्धन विभागाचे अधिकारी तसेच जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांचे साहाय्य घ्यावे.

शिक्षकांनाही येथे चांगला पाठ सापडेल. खुराड्याची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढणे व त्यास कोंबड्यांच्या संख्येने भागणे, हे गणित मुले घरच्या घरी करू शकतात. रात्रीचा भागाकार आणि दिवसाचा भागाकार यांतील फरक मुलाने आईला समजावून सांगितला, तर एखाद्या पत्रकापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

वेचणीहून परतणाऱ्या बाईच्या दिवसाची मिळकत ओटीतल्या कापसाच्या वजनावर ठरते. त्या मिळकतीचा एक भाग तिच्या गैरहजेरीत खुराड्यात नष्ट होऊ नये, यासाठी लागणारे साहित्य म्हणजे थोड्या तुऱ्हाट्या, एक पाटी भुसा, पाल्याची जुडी आणि दोन किलो पेंड. कोंबडीला दोष देण्यापूर्वी ही चार साधने खुराड्यापाशी आहेत किंवा नाहीत, एवढे पाहणे पुरेसे आहे.